पाटणादेवीच्या रानातून धबधब्याकडे: पहिल्यांदाच पायी निघणाऱ्यांसाठी

जळगाव-धुळ्याकडच्या मंडळींना धबधबा म्हटलं की कोकणच आठवतं. रात्रभर गाडी हाणायची, सकाळी डोंगरातून कोसळणारं पाणी बघायचं आणि जमलं तर दुपारी समुद्रात पाय बुडवून यायचं. समुद्र आपल्याकडे नाही हे खरं. पण चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या कड्यावरून जे पाणी खाली उडी घेतं, ते डोंगरी, तितूर, गिरणा, तापी असं वळसे घेत सुरतेपुढे शेवटी समुद्रालाच मिळतं. त्याची पहिली उडी बघायला रात्रभर गाडीत बसावं लागत नाही.

हा लेख पाटणादेवीच्या रानात धबधब्यापर्यंत पायी जाऊ इच्छिणाऱ्या नवख्यांसाठी आहे. केदारकुंड आणि धवलतीर्थ ही इथली दोन नावं तुम्ही ऐकली असतील. ज्यांना दोन-तीन तास चालता येतं, पण पावसाळी रान, ओला दगड आणि वाहता नाला यांची सवय नाही, त्यांना समोर ठेवून लिहितो आहे. कसलेल्या ट्रेकरना यात नवं फारसं सापडणार नाही.

पाणी कुठून येतं, ते आधी

सगळ्या सूचनांचं मूळ या एकाच गोष्टीत आहे, म्हणून इथे थोडा वेळ काढा. पाटणादेवीचं देऊळ दरीत आहे. तीन बाजूंनी कडे आहेत आणि कड्यांच्या वर पठार आहे. ते पठार बरंचसं कन्नड तालुक्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतं. तिथे पडलेल्या पावसातलं उत्तरेकडे उतरणारं पाणी कड्यावरून आपल्या दरीत येतं. तुम्ही खाली उभे असता तेव्हा ते पठार तुम्हाला दिसत नाही. डोक्यावर ऊन असू शकतं आणि त्याच वेळी वर तासभर धो धो पडत असू शकतं. मग अर्ध्या-पाऊण तासात नाल्याचा रंग बदलतो.

हे काल्पनिक नाही. ३० ऑगस्ट २०२१च्या रात्री या डोंगरात इतका पाऊस झाला, की ३१ तारखेला डोंगरी आणि तितूर या दोन्ही नद्यांचं पाणी चाळीसगाव शहरात आणि काठच्या गावांत शिरलं. कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. एरवी ज्या डोंगरीच्या पात्रात ढोपरभरही पाणी नसतं, तीच ही नदी.

दुसरी बाजू अशी की खानदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे आपले धबधबे सरसकट चार महिने वाहत नाहीत. पाऊस झाला की जोर धरतात, आठवडाभर उघडीप पडली की बारीक होत जातात. जूनचा पाऊस तर तापलेली जमीनच पिऊन टाकते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कुणी 'रील' बघून आला आणि कोरडा कातळ बघून परत गेला, असं दरवर्षी होतं.

दिवस कसा ठरवायचा

ढोबळ हिशेब सांगायचा तर पोळ्यापासून घटस्थापनेपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. तोवर जमीन भिजलेली असते, झरे सुटलेले असतात, पाणी गढूळ कमी आणि स्वच्छ जास्त असतं. नवरात्रात देवीची यात्रा असते. ती अनुभवायची तर जरूर जा, पण त्या दिवसांत रानात शांतपणे चालायची अपेक्षा ठेवू नका. श्रावणातले रविवार आणि १५ ऑगस्टची सुट्टीही टाळलेली बरी. मधला एखादा वार काढता आला तर उत्तम.

नेमका दिवस निवडताना माझा नियम साधा आहे: मोठ्या पावसाच्या दिवशी जायचं नाही, तो थांबल्यानंतर एक दिवस जाऊ द्यायचा आणि मग निघायचं. धबधब्याला तोवर भरपूर पाणी असतं आणि नाले उतरलेले असतात.

हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघा. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात म्हणून बहुतेक जण फक्त जळगावचा इशारा बघतात आणि निर्धास्त होतात. पाणी वरून येणार आहे, तेव्हा छत्रपती संभाजीनगरचाही इशारा तितकाच महत्त्वाचा. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'जोरदार' आणि ११५.६ मिलिमीटरपासून 'अति जोरदार' पाऊस धरतात. दोन्हीपैकी एका जिल्ह्याला जरी ऑरेंज किंवा रेड इशारा असेल, तरी बेत पुढे ढकला. यलो असेल तर देवळापर्यंत जा, दर्शन घ्या, पुढचं तिथल्या माणसांना विचारून ठरवा. सप्टेंबर संपत आला की दुपारनंतर गडगडाटी पाऊस सुरू होतो, तेव्हा विजेसाठी 'दामिनी' ॲप फोनमध्ये असू द्या.

बेत रद्द झाला तर दिवस फुकट गेला असं समजू नका. चाळीसगावात स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर आणि त्यांचा कलासंग्रह आहे. आयुष्यातली कित्येक वर्षं ज्या बंगल्याबाहेर ते क्वचितच पडले, तिथली छायाचित्रं बघायला पावसाळी दुपार काही वाईट नाही.

थेट पाटणादेवीच, की आधी दुसरीकडे?

कुटुंबात लहान मुलं किंवा गुडघे दुखणारी माणसं असतील, तर सुरुवात सोप्या ठिकाणी करा. यावल तालुक्यात आडगावजवळ मनुदेवी आहे. सातपुड्याच्या कुशीतल्या या देवळाला लागूनच धबधबा पडतो, त्यामुळे चालणं कमी आणि गर्दी भरपूर. धुळ्याच्या लोकांना लळिंगचं कुरण जवळ. नंदुरबारकडच्यांना तळोदा तालुक्यातलं वाल्हेरी आणि थंड हवेचं तोरणमाळ आहे, पण तोरणमाळला चालण्यापेक्षा घाटरस्त्याचाच प्रवास जास्त.

पितळखोऱ्याचाही पर्याय आहे. पाटण्याच्या दरीच्या वरच्या अंगाला, कन्नडच्या बाजूने गाडीने वर पोहोचता येतं आणि बांधलेल्या पायऱ्यांनी लेण्यांपर्यंत उतरता येतं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात खोदायला सुरुवात झालेली ही लेणी महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्या शेजारूनच पाणी दरीत कोसळतं. ज्याला धबधबा हवा पण नाला ओलांडायचा नाही, त्याला मी इकडेच पाठवतो. खालून पाटणादेवीकडून पितळखोऱ्याला चढून जाणारेही आहेत. नवख्यांनी पहिल्याच खेपेला ते करू नये.

पायात काय, पाठीवर काय

बूट सोडून बाकी सगळं दुय्यम आहे. पाण्यातला काळा कातळ आणि त्यावरचं शेवाळ म्हणजे साबण लावलेली फरशीच. बुटांचा तळ रबरी, जाड आणि खोल खाचांचा हवा. घरीच चाचणी घ्या: मोरीतली फरशी ओली करून त्यावर बूट घालून उभे राहा, टाच दाबून फिरवून बघा. घसरतोय असं वाटलं तर तो बूट रानात नको. रस्त्यावर धावण्याचे महागडे बूट इथे हमखास फसवतात. चप्पल, सँडल आणि क्रॉक्स यांचा विषयच नको. नवे कोरे बूट थेट रानात नेऊ नका, आठवडाभर आधी गल्लीत वापरा.

कपडे पटकन वाळणारे घ्या. जीन्स भिजली की मांड्या घासते आणि वजन दुप्पट होतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण पँट बरी, कारण वाटेत घाणेरी आणि काटेरी झुडपं आहेत. पावसाळा संपत आला की खाजकुयरीच्या शेंगाही तयार होतात. तिची कुसं अंगाला लागली की चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटून काढा आणि मग धुवा.

पाणी माणशी किमान दोन लिटर. पाऊस थांबल्यावर भादव्यातला उकाडा दरीत कोंडतो आणि घामाने माणूस निथळतो. मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा. नाल्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी वर पठारावर गुरं चरतात, ते पिऊ नका.

खाण्याचं आपल्याला शिकवायला नको. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, गूळ, एवढं असलं की झालं. केळी जळगावची असली तरी देवळाच्या आवारात पिशवीतून काढू नका, वानरं तुमच्या आधी हजर असतात. आणि एक खास खानदेशी सूचना: पऱ्हाट्या पेटवून भरीत भाजायचा मोह इथे आवरा. हे अभयारण्य आहे, आग पेटवायला मनाई आहे. शिवाय कड्यांना आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असतात. धूर वर गेला की मधमाश्या खाली येतात. अत्तर आणि फवारेही त्याच कारणाने घरी ठेवा.

पिशवीत आणखी: शिट्टी, टॉर्च, क्रेप बँडेज, सुका कपड्यांचा एक जोड, फोन गुंडाळायला जाड प्लास्टिकची पिशवी आणि खांद्याएवढी बांबूची काठी. काठी आधारापेक्षा पाण्याची खोली मोजायला जास्त उपयोगी पडते. छत्री नको, दोन्ही हात मोकळे हवेत.

चाळीसगाव ते देवी

मुंबई-भुसावळ लोहमार्गावर चाळीसगाव जंक्शन आहे, धुळ्याकडे इथूनच फाटा जातो. जळगाव, पाचोऱ्याकडच्यांना रेल्वे सोयीची. चाळीसगावहून देवळापर्यंत अठरा-वीस किलोमीटर रस्ता आहे. स्वतःची गाडी नसेल तर रिक्षा किंवा जीप दिवसभरासाठी ठरवा आणि परतीची वेळ व भाडं आधीच बोलून घ्या. संध्याकाळी तिथे उभं राहून गाडीची वाट बघणं हा रानातल्या चालण्यापेक्षा जास्त त्रासाचा भाग ठरू शकतो.

देवळापाशी सकाळी आठच्या आत पोहोचायचं. पाऊस बहुधा दुपारनंतर भरून येतो, त्याआधी धबधबा बघून नाल्याच्या अलीकडे येणं हाच दिवसाचा आराखडा.

हा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. १९८६ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलं आहे. 'औट्रम' हे नाव जेम्स औट्रमचं, ज्याने १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, किती जण आहात आणि कुठे जाणार आहात ते खरं सांगा. खोटं सांगून आत शिरणाऱ्यांना शोधायचं कुठे, हे मग कुणालाच कळत नाही. दारू, स्पीकर, परवानगीशिवाय ड्रोन, यातलं काही चालत नाही. वनखात्याचा 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांक १९२६ आहे. १०८ आणि ११२ तर पाठ असतीलच. पण दरीत रेंजचा भरवसा नाही, म्हणून घरच्या एका माणसाला वेळ सांगून ठेवा: "पाचपर्यंत माझा फोन आला नाही तर नाक्यावर कळव." हे नुसतं सांगू नका, त्या माणसाकडून वदवून घ्या.

वाटाड्या घ्या. पाटणे गावातला किंवा नाक्यावर सुचवतील तो. पैसे आधी ठरवा आणि ठरल्यापेक्षा थोडे जास्तच द्या. कालच्या पावसाने कुठली वाट वाहून गेली, कुठल्या कपारीत मोहोळ बसलंय, कुठे बिबट्याचा वावर आहे, हे फोनमधल्या नकाशाला माहीत नसतं. आणि एकदा वाटाड्या घेतला की त्याचं ऐका. "आप्पा, अजून थोडं पुढे जाऊ या ना," म्हणून गळ घालणारे बरेच भेटतात. "भाऊ, वर पानी पडी ऱ्हायनं, मांगे फिरा," असं तो म्हणाला की विषय संपला. तुम्हाला आभाळ निळं दिसत असेल. त्याला पाण्याचा आवाज बदललेला ऐकू आलेला असतो.

निघण्याआधी देवीचं, म्हणजे चंडिकेचं दर्शन होईलच. जवळचं हेमाडपंती महादेव मंदिरही बघा. बाराव्या शतकातलं, निकुंभ घराण्याच्या काळातलं. याच पाटण्याच्या एका शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने शके ११२८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमारास, इथे मठ काढला. गणिताचा मठ, आणि तोही या रानात! शाळकरी मुलं बरोबर असतील तर हे त्यांना देवळातच सांगा. पुढे ती पाण्याकडे धावतील आणि ऐकणार नाहीत.

रानातली चाल

गट पाच ते आठ जणांचा असावा. पुढे वाटाड्या, सगळ्यात मागे गटातला सर्वांत शांत माणूस. वेगवान माणूस मागे ठेवू नका, तो पुढच्यांना ढकलत राहतो. वेग मात्र सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. दर वळणावर मागचा दिसतो का बघायचं, इतकंच.

साग, अंजन, पळस, सलई, धावडा असं हे पानगळीचं रान. उन्हाळ्यात खंक दिसणारं, पण श्रावण-भाद्रपदात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. कळलावीची ज्वाळेसारखी फुलं दिसतील. ती विषारी आहेत, मुलांना हात लावू देऊ नका. सापांचं म्हणाल तर घोणस, फुरसं, मण्यार हे सगळे आपल्याकडे आहेतच. दगडावर किंवा ओंडक्यावर हात टेकण्याआधी बघा, ओंडका ओलांडताना थेट पलीकडे पाय टाकू नका, आधी त्यावर पाय ठेवा. दंश झालाच तर करकचून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करायचं नाही. हातापायाला आधार देऊन तो हलणार नाही असं बघा, माणसाला चालवू नका, उचलून गाडीपर्यंत आणा आणि सरकारी रुग्णालय गाठा. मंत्र घालणाऱ्याकडे घालवलेला तास परत मिळत नाही.

नाला ओलांडणं

डोंगरी आणि तिला मिळणारे ओहोळ वाटेत आडवे येतात. सकाळी घोट्याएवढं पाणी असतं आणि माणसं हसतखेळत पलीकडे जातात. खरा प्रश्न परतताना ते पाणी किती असेल हा आहे. म्हणून पहिला नाला ओलांडण्याआधी पाण्याच्या रेषेवर एक ओळखीचा दगड हेरा, त्याचा फोटो काढा. पुढे जिथे जिथे थांबाल तिथेही तेच करा. दगड बुडू लागला की परतायचं. चर्चा नाही.

पाणी वाढण्याआधी ते इशारे देतं. स्वच्छ पाणी गढूळ होतं. पाला, काटक्या, फेस वाहून येऊ लागतो. आवाज खोल आणि जड होतो. ओल्या मातीचा वास वाऱ्यावर येतो. यातलं एक दिसलं तरी पात्रातून बाहेर पडा आणि उंच काठ धरा. सामान पात्रात राहिलं असेल तर राहू द्या.

वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही. गढूळ पाण्यात तळ दिसत नसेल तर गुडघ्याखालीही नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. म्हणून मघाशी सहज जमलेलं आता जमेल असं धरू नका. ओलांडायची जागा निवडताना अरुंद जागा टाळा. ती जवळची वाटते, पण तिथेच पाणी खोल आणि जोरदार असतं. पात्र जिथे पसरट आहे, तिथे पाणी उथळ असतं. उतारावर लगेच मोठी उडी किंवा कुंड नाही ना, हेही बघा.

बूट काढू नका, अनवाणी पाय दगडात अडकतो. पाठपिशवीचे छातीवरचे आणि कमरेचे पट्टे सोडा, पडलात तर पिशवी टाकून देता आली पाहिजे. तोंड वरच्या बाजूला, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाऊल, घसटत. स्वतःला दोराने बांधून घेऊ नका. बांधलेला माणूस पडला की दोर त्याला पाण्याखाली धरून ठेवतो, हे पुष्कळांना पटत नाही, पण तसंच होतं. वाहून गेलातच तर उठून उभं राहायची धडपड करू नका. उताणे व्हा, पाय उताराच्या दिशेला आणि पाण्यावर ठेवा, काठाकडे तिरके सरका.

आणि पलीकडे अडकलात तर? उंच, मोकळ्या जागी बसा आणि वाट बघा, कड्याखाली नको. आपले नाले छोट्या पाणलोटाचे आहेत, वरचा पाऊस थांबला की काही तासांत पाणी उतरतं. उशीर होईल, घरचे रागावतील. सुक्या कपड्यांचा जोड आणि उरलेल्या दशम्या यासाठीच होत्या.

धबधब्यापाशी

पोहोचल्यावर लगेच पाण्यात धाव घेऊ नका. आधी पाच मिनिटं समोरचा कडा बघा. काळ्या दगडाचे आडवे थर दिसतील. लाव्हाच्या एकावर एक प्रवाहांनी हे थर बनले. काही थर घट्ट आहेत, काही सच्छिद्र आणि कच्चे. पाणी कच्चा थर आधी कोरतं आणि वरचा घट्ट थर छज्जासारखा पुढे येतो. कालांतराने तो तुटून पडतो. कुंडाभोवती पडलेले घराएवढे धोंडे असेच आले. पितळखोऱ्याच्या लेण्यांचं मोठं नुकसान झालं, तेही झिरपणाऱ्या पाण्याने आणि ठिसूळ खडकाने.

हे समजलं की दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, धारेच्या थेट खाली उभं राहायचं नाही. पाण्याबरोबर वरून दगड येतात आणि एवढ्या उंचीवरून मुठीएवढा दगडही जीव घ्यायला पुरतो. अंगावर पाणी घ्यायचं असेल तर बाजूला जिथे तुषार येतात तिथे बसा, मजा तीच आहे. दोन, कुंडात उतरायचं नाही. काठावर कंबरभर वाटणारं पाणी दोन पावलांवर पुरुषभर होतं, तळात रांजणखळगे असतात, कडेला धरायला काही नसतं आणि धारेखालचं पाणी माणसाला आत ओढतं. विहिरीत पोहायला शिकलेले आपल्याकडे पुष्कळ आहेत. विहिरीचं पाणी स्थिर असतं, हे लक्षात ठेवा.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ती माणसं प्रवाहाच्या मध्ये एका खडकावर उभी होती आणि पाणी अचानक वाढलं. त्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली आहे. म्हणून फोटोसाठी प्रवाहातल्या खडकावर चढायचं नाही, काठावरून काढायचा. कड्याच्या वरच्या अंगाला, जिथून धार सुटते तिथे तर जायचंच नाही.

वीज कडाडू लागली तर एकट्या झाडाखाली किंवा कपारीच्या तोंडाशी थांबू नका, एकमेकांपासून अंतर ठेवून सखल पण पात्राबाहेरच्या जागी बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

इथवर जमलं की काही जणांना समुद्रकाठचे धबधबे खुणावू लागतात. तिथलं घड्याळ वेगळं असतं. इथे वरच्या ढगावर लक्ष ठेवायचं, तिथे भरतीवर. खडकाळ किनाऱ्याने चालत गेलात आणि मागे भरती आली की परतीची वाट पाण्याखाली जाते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अंदाजापुरतं हे ठीक, चालायला निघताना छापील वेळापत्रकच बघायचं आणि ओहोटी लागलेली असतानाच पाऊल टाकायचं.

परतताना

धबधब्यापाशी कितीही छान वाटलं तरी दुपारी एकला पाठ फिरवायची. ही वेळ सकाळीच सगळ्यांदेखत ठरवून घ्या, म्हणजे तिथे वाद होत नाहीत. पाय घसरून मुरगळण्याचे प्रकार बहुधा उतरतानाच होतात, कारण दमलेलं असताना माणूस गप्पांत असतो. उताराला पावलं लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, ओल्या पानांच्या थरावर टाच आपटू नका. प्लास्टिक, दशम्यांचे कागद, केळीच्या साली, सगळं पिशवीत परत. सालीही. वानरांना त्यांची चटक लागली की पुढच्या माणसाच्या पिशवीवर झडप पडते.

नाक्यावर परतल्याची नोंद करा. गाडीत बसण्याआधी अंगावर, विशेषतः गुडघ्यामागे आणि कमरेला, गोचीड चिकटली आहे का बघून घ्या. असेल तर चिमट्याने तोंडाजवळ धरून सरळ ओढा, रॉकेल किंवा पेटती काडी लावू नका. चाळीसगावकडे येताना रेंज आली की पहिला फोन त्या घरच्या माणसाला करा, ज्याच्याकडून सकाळी वेळ वदवून घेतली होती. घरी पोहोचल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते सावलीत वाळवा. उन्हात ठेवले तर तळ सुटतो आणि पुढच्या पावसाला नवे घ्यावे लागतात.